पाकिटातलं मत

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं शाळेचं पत्र आलं, आणि इमारत, प्रार्थना, संमेलनं यांच्या आधी आठवले ते सर. नागरिकशास्त्राचे सर. १९८४-८५ च्या नववीतल्या कुणालाही नाव सांगायची गरज नाही.

त्या डिसेंबरात लोकसभेची निवडणूक होती. सरांना केंद्राध्यक्ष म्हणून ड्यूटी लागली होती. परत आले तेव्हा आवाज बसलेला, डोळ्यांत जागरण. पहिल्याच तासाला पुस्तक बाजूला सारून म्हणाले, "यंदा संमेलनाचा सचिव हात वर करून निवडायचा नाही. हात वर करताना माणूस शेजाऱ्याच्या हाताकडे बघतो. आपण गुप्त मतदान घेऊ. सगळं नियमानं."

आणि खरोखर सगळं नियमानंच झालं. आठवी ते दहावीची मतदार यादी आम्ही तीन संध्याकाळी बसून लिहिली. अनुक्रमांक, नाव, वडिलांचं नाव, तुकडी. यादी फलकावर लावून हरकती मागवल्या. एका मुलाचं नाव राहून गेलं होतं, ते पुरवणीत घेतलं. नकाशांच्या स्टँडवर चादर टाकून मतदानाचा आडोसा केला. शिक्का सरांनी स्वतः खोडरबरावर ब्लेडनं कोरला, अगदी खऱ्यासारखा, बाणांच्या फुलीचा. साधी फुली का नको, तेही दाखवलं. ओल्या शाईची मतपत्रिका चुकीची दुमडली की दुसऱ्या उमेदवारापुढे ठसा उमटतो. पण या फुलीचे बाण एकाच दिशेला वळलेले असतात, त्यामुळे उलटा उमटलेला ठसा ओळखू येतो आणि मत बाद होत नाही. "एवढ्याशा शिक्क्यामागं कुणीतरी केवढा विचार केलाय बघा," असं म्हणून त्यांनी तो खोडरबर वर्गभर फिरवला होता.

शाईसाठी प्रयोगशाळेतून सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण आणलं. निवडणुकीच्या खऱ्या शाईतही तेच असतं. आमच्या द्रावणाला लावताना रंग नसायचा. मैदानावर उन्हात जाऊन आलं की डाव्या तर्जनीवर तपकिरी डाग चढायचा आणि आठवडाभर जायचा नाही.

मला पहिला मतदान अधिकारी नेमलं होतं. काम एकच. चिठ्ठी बघायची, यादीतला अनुक्रमांक आणि पूर्ण नाव मोठ्यानं वाचायचं, म्हणजे उमेदवारांचे प्रतिनिधी ऐकतील आणि चूक असेल तर हरकत घेतील. मग नावाखाली रेघ मारायची.

मधल्या सुट्टीनंतर रांग वाढली आणि मी घाई करू लागलो. वडिलांचं नाव वाचणं सोडून दिलं. त्या वर्षी शाळेत एकाच नावाच्या आणि आडनावाच्या दोन मुली होत्या, एक नववी अ मध्ये, एक आठवी ब मध्ये. (नाव इथं लिहीत नाही. जुन्यांच्या लक्षात येईलच.) नववीतली येऊन मत देऊन गेली आणि मी रेघ मारली ती आठवीतलीच्या नावाखाली. तासाभरानं आठवीतली आली. मी यादी पाहिली आणि मान वर न करता म्हणालो, "तुझं झालंय. जा."

ती काही बोलली नाही. भांडली नाही, रडली नाही. चिठ्ठी हातात तशीच धरून वळली आणि दाराकडे निघाली. चाळीस वर्षं झाली, पण ती पाठमोरी मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाही.

सर दारातच उभे होते. त्यांनी तिला थांबवलं, माझ्याजवळ आणलं आणि विचारलं, "तिचं बोट बघितलंस?"

बोट कोरं होतं.

सरांनी मतदान थांबवलं. नववीतलीला वर्गातून बोलावलं, तिच्या बोटावर गडद डाग. चूक कुठं झाली ते पाच मिनिटांत उघड झालं. सर माझ्यावर ओरडले नाहीत. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यादी चुकू शकते, अधिकारी चुकू शकतो. म्हणून नियमात याचीही सोय आहे. हिला प्रदत्त मतपत्रिका द्यायची." तोपर्यंत हा शब्द आम्ही ऐकलाही नव्हता. मतपत्रिकेच्या पाठीमागे त्यांनी स्वतःच्या हातानं 'प्रदत्त मत' लिहिलं, वेगळ्या कागदावर तिची सही घेतली. तिनं आडोशाला जाऊन शिक्का मारला. ती मतपत्रिका मात्र पेटीत गेली नाही, पाकिटात गेली. पाकीट लाखेनं बंद.

"सर, मग माझं मत मोजणार कधी?" त्या दिवसातलं तिचं हे एकच वाक्य.

सर तिच्यासमोर बाकावर बसले. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही. सांगितलं, की हे मत मतमोजणीत धरत नाहीत. निकालावर दावा झाला आणि न्यायालयानं म्हटलं, तरच ते पाकीट उघडतं. "पण तू आली होतीस आणि तुला मत द्यायचं होतं, हे आता कुणी पुसू शकत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उरलेली सगळी नावं पूर्ण वाच. वडिलांच्या नावासकट."

सचिव कोण झालं हे मला आज आठवत नाही.

आम्हा मुलांना सर शिकवायचे की मताचा हक्क एकविसाव्या वर्षी. पुढं एकसष्टावी घटनादुरुस्ती झाली आणि २८ मार्च १९८९ पासून वय अठरा झालं. मी तेव्हा कॉलेजात होतो. सरांचं पोस्टकार्ड आलं, त्यात एकच ओळ : "यादीत नाव आलं का, स्वतः जाऊन बघ." नोव्हेंबरात मी पहिलं मत दिलं, तेव्हा ते कार्ड खिशात होतं.

पुढं बँकेत लागलो, शाखाधिकारी झालो, आणि निवडणुकीची ड्यूटी मलाही लागू लागली. मतपत्रिका जाऊन यंत्रं आली, मग मताची छापील चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट आलं. पण प्रदत्त मत आजही यंत्रात नोंदवत नाहीत, ते कागदाच्या मतपत्रिकेवरच दिलं जातं. २००८ साली राजस्थानात विधानसभेच्या निवडणुकीत नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मतानं पडले आणि प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, तेव्हा ती बातमी वाचता वाचता मी लाखेचा वास घेत होतो. आता केंद्राध्यक्षांच्या प्रशिक्षणात शिकवायला मला बोलावतात. सकाळच्या अभिरूप मतदानात, म्हणजे यंत्र तपासायच्या लुटुपुटूच्या मतदानात, किमान ५० मतं टाकून बघायची, हे सगळ्यांना पाठ असतं. मी पहिल्या मतदान अधिकाऱ्यांना उभं करतो आणि नावं मोठ्यानं वाचायला लावतो.

मागच्या वर्षी २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनाला, शाळेत आलो होतो. शपथ झाली, रांगोळ्या सुंदर होत्या, मतदार साक्षरता मंडळाचा फलकही लागलेला दिसला. मुलांना विचारलं, संमेलनाचा सचिव कसा निवडता? सर्वांत जास्त गुण ज्याला, त्याला बाई नेमतात, असं उत्तर आलं. मला फार वाईट वाटलं. शपथेला माझा विरोध नाही. पण मतदार यादी हातात घेऊन वाचलेलं एकही मूल तिथं नव्हतं. आता सतरा पूर्ण झाले की आगाऊ नोंदणीचा अर्ज करता येतो, वर्षातून चार अर्हता दिनांक, म्हणजे अठरा पूर्ण झाले का ते बघायच्या तारखा, असतात. अकरावी-बारावीच्या वर्गात कुणाला ते ठाऊक नव्हतं. विश्वस्तांनी एक वर्ष, फक्त एक वर्ष, सरांच्या पद्धतीनं निवडणूक घ्यावी. यादी लिहून द्यायला मी येईन.

महोत्सवाच्या तयारीच्या बैठकीला आठवी ब मधली ती भेटली. मी माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, "ते पाकीट सरांनी कधी फोडलं का रे?"

नाही, म्हटलं. सर निवृत्त झाले तेव्हा कपाट आवरायला मीच होतो. पाकीट यादीच्या वहीत होतं, लाख शाबूत. सरांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि परत वहीत ठेवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. मत कुणाला दिलं होतं, हे मी विचारलं नाही.