तेवढा पांढरा स्नीकर सोडून बाकी सगळे पास

कस्टम्स क्लिअरिंगच्या लाइनमध्ये आल्यापासून माझी एक वाईट सवय झालीये, कोणी नवीन बूट दाखवला की मी ब्रँड बघतच नाही, उलटा करून आधी तळवा बघते आणि मग वरचा भाग कशाचा आहे ते. घरचे वैतागतात, पण धंदाच तसा आहे.

२०२२ ची गोष्ट. मुंबईच्या एका पार्टीचा कंटेनर व्हिएतनामहून न्हावाशेवाला आला, आत नुसते बूट. इन्व्हॉइसवर प्रत्येक स्टाइलपुढे 'स्नीकर्स' आणि सगळ्यांना ड्युटी ठरवणारा एकच कोड, ६४०४ ११. माल कुठल्या देशात बनला ते सांगणाऱ्या सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवरही तोच, कारण आसियान म्हणजे आग्नेय आशियाई देशांशी झालेल्या करारातली ड्युटीची सवलत घ्यायची होती. तेव्हा बुटांवर बेसिक ड्युटी ३५ टक्के, त्यामुळे शेठचा सगळा जीव त्या कागदात अडकलेला. सगळ्या स्टाइल्सना एकच कोड कसा चालेल असं मी विचारलं होतं तर म्हणे मॅडम सप्लायर रोज हेच करतो, तुम्ही फाइल करा.

आता गंमत अशी की टॅरिफच्या, म्हणजे ड्युटीच्या यादीच्या, बुटांच्या ६४ व्या चॅप्टरमध्ये स्नीकर नावाची ओळच नाहीये. ६४०४ म्हणजे सोल रबर, प्लास्टिक किंवा चामड्याचा आणि वरचा भाग कापडाचा, आणि त्यात ११ मध्ये स्पोर्ट्स फुटवेअर, टेनिस शूज, बास्केटबॉल शूज, जिम शूज, ट्रेनिंग शूज 'आणि तत्सम'. आपला स्नीकर या 'तत्सम'च्या दारातून आत शिरतो. खेळायला वापरतो की मॉलमध्ये फिरायला, यावर अडत नाही, अमेरिकेच्या टॅरिफमध्ये तर तसं सरळ लिहूनच ठेवलंय.

सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर उघडून तपासतात त्या गोदामात, एक्झामिनेशन लागलं. कस्टम्सचे माल तपासणारे अप्रेझर साहेब आले, बोलले काहीच नाहीत, मुकादमाकडून कटर मागून घेतला आणि प्रत्येक स्टाइलची एक एक जोडी टेबलावर मांडायला लावली. पहिला साधा कॅनव्हासचा, घोट्यापर्यंतचा, पांढऱ्या रबराच्या सोलचा, बास्केटबॉलसाठी १९१७ मध्ये निघालेल्या कॉन्व्हर्स ऑल स्टारच्या वळणाचा. त्याकडे नुसतं बघून बाजूला ठेवला. दुसरा जाळीचा रनिंग शू, त्यावर चंदेरी प्लास्टिकच्या पट्ट्या इतक्या की जाळी जेमतेम दिसत होती. मला वाटलं इथेच गाडी अडणार, कारण नियम असा की बाहेरून ज्या मटेरियलचं क्षेत्रफळ सगळ्यात जास्त, त्याचा तो बूट. पण मजबुतीसाठी वरून लावलेले तुकडे, बकल, कडेची पट्टी हे त्यात धरायचं नसतं. साहेबांनी कटरच्या टोकाने एक पट्टी उचकटली, खाली जाळी सलग होती. म्हणाले, "ठीक आहे, कापडाचाच."

मग तिसरा. पांढराशुभ्र, कमी उंचीचा, मागे हिरवा तुकडा. खरं सांगते, तिथल्या लेबरपासून माझ्यापर्यंत कुणालाही विचारलं असतं की यातला स्नीकर कुठला तर सगळ्यांनी हाच उचलला असता, कंटेनर उघडणाऱ्या पोराच्या पायातही तसलाच होता. साहेबांनी जिभेजवळ कट मारला आणि कड माझ्यासमोर धरली, वर पांढरा गुळगुळीत थर, खाली विणलेलं कापड, धागे सुटलेले दिसत होते. पीयू, पॉलियुरेथेन. म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर, आणि तो थर नुसत्या डोळ्यांना दिसत असेल तर चॅप्टरची नोट सांगते की ते प्लास्टिकच. गेला ६४०२ मध्ये, म्हणजे वरचा भागही रबर-प्लास्टिकचा असलेल्या बुटांत.

मी जरा वाद घातला, म्हटलं साहेब दिसायला तर टेनिस शूच आहे ना. ते हसले. म्हणाले, "६४०२ मध्ये टेनिस शूज दाखवा मला." आणि खरंच नाहीयेत! तिथे फक्त स्पोर्ट्स फुटवेअर, आणि त्याची व्याख्या कडक, तळाला खिळे किंवा ते बसवायची सोय हवी, नाहीतर मग स्केटिंग, स्की, कुस्ती, बॉक्सिंग, सायकलिंगचे बूट. अस्सल चामडं असतं तर ६४०३, तिथेही तेच. म्हणजे १९७२ चा विम्बल्डन विजेता स्टॅन स्मिथ, त्याच्या नावाचा आदिदासचा चामड्याचा टेनिस शू, तोसुद्धा टॅरिफच्या लेखी स्पोर्ट्स शू नाही, 'इतर'. आणि स्टेशनबाहेर मिळणारा कॅनव्हासचा पीटी शू मात्र ऐटीत टेनिस शूजच्या रांगेत. मला हा अजूनही अन्याय वाटतो, पण असो.

तळव्याचंही असंच असतं बरं का, जमिनीला टेकणारा भाग जास्त कशाचा ते बघतात. म्हणून तर अमेरिकेत जाणाऱ्या कॉन्व्हर्सच्या रबरी तळव्याला केसाळ फेल्टचा पातळ थर लावलेला असायचा, सोल कापडाचा दाखवला की ड्युटी कमी.

शेठना फोन केला तर ते दोन मिनिटं नुसतं "पण स्नीकरच आहे ना मॅडम तो" एवढंच म्हणत होते. जाळीचा आणि कॅनव्हासचा माल सवलतीत सुटला. पांढऱ्याचा कोड आणि सर्टिफिकेटवरचा कोड जुळेना, त्यामुळे त्यावर पूर्ण ड्युटी भरली, वर माल अडकून पडल्याचं डेमरेज वेगळं.

पुढच्या ऑर्डरच्या आधी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंचा ढीग पाठवला, मी म्हटलं शेठ फोटो नकोत, एक बूट मधोमध कापून पाठवा. पाठवला, डाव्या पायाचाच. उजवा म्हणे सप्लायरच्या तोंडावर मारायला ठेवलाय.