पॅन्टो, आई आणि बाकावरचं भूत

२८ डिसेंबर, रात्र

लेकीचा घसा बसलाय, आईचाही थोडा बसलाय, दोघी गरम पाणी पिऊन झोपल्या. मला काही झोप येईना म्हणून लिहायला बसले. आज दुपारच्या शोला आमच्या टाऊनमधल्या थिएटरात पॅन्टो बघितला, म्हणजे इकडचं ख्रिसमसच्या दिवसांतलं गाण्यांचं, धमाल विनोदी नाटक, ज्यात प्रेक्षकही ओरडून भाग घेतात, यंदा अलादीन आहे. इंग्लंडमध्ये नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होतो आणि जानेवारीत संपतो, मधल्या काळात अगदी छोट्या टाऊनमध्येसुद्धा एखादा तरी पॅन्टो लागलेला असतोच, सिंड्रेला नाहीतर अलादीन नाहीतर मदर गूज.

आई पहिल्यांदाच इकडच्या थंडीत आलीय, चारलाच अंधार होतो म्हणून वैतागलेली असते. इंग्रजी तिला फार येत नाही पण मला पक्कं माहीत होतं की हे तिला कळणार. कारण पॅन्टोमध्ये सगळं आधीच ठरलेलं असतं. दुष्ट माणूस येतो तो कायम आपल्या उजव्या हाताच्या विंगेतून, हिरव्या लाइटमध्ये, आणि तो आला की अख्ख्या थिएटरने बू करायचं. चांगली परी डावीकडून येते. जुनी रीत आहे ही, अजून बरेच जण पाळतात. गोष्ट तर सगळ्यांना पाठच असते, त्यामुळे भाषा अडली तरी फारसं काही अडत नाही.

आणि मग डेम आली. डेम म्हणजे पुरुषाने केलेली बाई, अलादीनची आई, विडो ट्वँकी. हा एवढा मोठा विग, दर एंट्रीला नवा ड्रेस, पहिल्या रांगेतल्या एका काकांना हेरून पूर्ण शोभर त्यांच्यावर लाइन मारणार. आई एकदम माझा हात धरून म्हणाली, अगं ही तर मावशी! वाईकडच्या जत्रांमध्ये तमाशे बघत मोठी झालेली बाई ती, गवळणीतली मावशी तिला बरोबर ओळखू आली. तोच पुरुषी आवाज मधेच बाहेर येणं, गावातल्या पुढाऱ्यांवर टोले मारणं (इथे कौन्सिल आणि रस्त्यावरचे खड्डे), लहान मुलांना कळणार नाही अशा बेताने मोठ्यांसाठी एखादा शब्द सोडणं. यांचा त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण लोकांना हसवणाऱ्या माणसाला दोन्हीकडे तेच सापडलं याचं मला फार भारी वाटतं.

लेकीला मी येताना बसमध्ये ग्रिमाल्डीबद्दल सांगितलं. जोसेफ ग्रिमाल्डी, १७७८ ते १८३७, पांढरा चेहरा आणि गालावर लाल रंग असलेला जोकर त्यानेच रुळवला, १८०६ मध्ये कॉव्हेंट गार्डन थिएटरला मदर गूजमध्ये त्याने लंडन वेडं केलं. अजूनही दर फेब्रुवारीत लंडनच्या एका चर्चमध्ये त्याच्या आठवणीत प्रार्थना असते आणि क्लाउन लोक पूर्ण मेकअप करून येतात. ट्वँकीबाई त्याच्या नंतरच्या, १८६१ च्या. आणि डेमला खरा मान मिळवून दिला तो डॅन लेनो या विनोदी नटाने, लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरला, १८८८ पासून पुढे. लेक म्हणाली मग आपण फेब्रुवारीत जाऊया, म्हटलं जाऊया.

पण मला लिहायचंय ते भुताच्या सीनबद्दल. दर पॅन्टोत असतो. तिघं-चौघं बाकावर बसून गाणं म्हणतात, मागून भूत येतं, पोरं जीव तोडून ओरडतात 'ही'ज बिहाइंड यू!', हे वळून बघतात तोवर भूत दुसऱ्या बाजूला. मग 'ओ नो ही इझन्ट', 'ओ येस ही इज'. एकेकाला भूत पळवून नेतं आणि शेवटी डेम एकटी उरते, आणि तिचं तोंड बघून भूतच घाबरून पळतं. आई उठून उभी राहून ओरडत होती, मराठीत, 'अगं मागं बघ मागं!', आणि शेजारची दोन इंग्रज पोरं तिच्याकडे बघून अजून जोरात ओरडायला लागली.

आम्हाला लहानपणी नाटकाला नेलं की हलू नको, बोलू नको, खाऊचा कागद वाजवू नको. इथे तो नट थांबतो. पोरं ओरडल्याशिवाय सीन पुढे जातच नाही. सहा वर्षांच्या पोरीला कळतं की माझा आवाज स्टेजवर पोचला आणि त्या माणसाने काहीतरी वेगळं केलं, हे पडद्यावर कुठे मिळणार? इथल्या कितीतरी मुलांचं आयुष्यातलं पहिलं नाटक पॅन्टोच असतं आणि बऱ्याच छोट्या थिएटरांचं वर्षभराचं गणित याच सहा आठवड्यांच्या तिकिटांवर चालतं. म्हणून २०२० मध्ये कोविडमुळे बहुतेक पॅन्टो बंद झाले तेव्हा इथले लोक इतके हळहळले. त्यात काम करणारेही कमाल, दिवसाला दोन-दोन शो, आणि काही डेम तर पिढ्यानपिढ्या एकाच गावच्या असतात, यॉर्कमध्ये बेरविक केलर जवळजवळ चाळीस वर्षं करत होते, म्हणजे त्यांना बू आणि टाळ्या देणारी पोरं स्वतःची पोरं घेऊन यायला लागली.

एक गोष्ट मात्र मनात आहे ती लिहूनच ठेवते. पॅन्टोतला अलादीन चीनमध्ये घडतो, त्यामुळे जुन्या अलादीनमध्ये चिनी लोकांची नावं, बोलणं यावर स्वस्त विनोद असायचे, गोऱ्या नटांना पिवळा मेकअप वगैरे. आता बरीच थिएटरं ते काढून टाकतायत, आजच्या शोमध्ये तर गोष्ट एका काल्पनिक गावात होती आणि कुणालाही काही कमी वाटलं नाही. परंपरा मोडते म्हणून काही लोक कुरकुरतात, मला ते अजिबात पटत नाही. पॅन्टो दर वर्षी बदलत आलाय म्हणूनच टिकलाय, पूर्वी हिरोचं काम बहुतेक वेळा बाईच करायची, आता कितीतरी ठिकाणी मुलगा करतो. आमच्या रांगेत आज एक चिनी कुटुंब होतं, त्यांची मुलगी माझ्या लेकीइतकीच ओरडत होती.

पुढच्या वर्षी सिंड्रेला आहे, बाहेर पडताना बोर्ड लागलेला होता आणि बुकिंगही सुरू झालंय. आईचा व्हिसा काय होतो ते बघायचंय, पण चार तिकिटं काढून ठेवली, बाजूच्या खुर्च्या, म्हणजे तिला उभं राहायला जागा मिळेल.