फेब्रुवारीतली मॅच

आज अमेरिकेतल्या आयोवामधल्या डी मॉइनहून तासभर गाडी हाणत ग्रिनेल कॉलेजची बास्केटबॉल मॅच बघायला गेलो. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत पॉपकॉर्नचा वास. डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांची तिसरी पातळी, खेळासाठी स्कॉलरशिप नाही. तरी पोरं जीव तोडून पळतात. सीझन संपत आलाय, मिडवेस्ट कॉन्फरन्सच्या (या भागातल्या कॉलेजांचा गट) स्पर्धेत शिरायची धडपड. यांची पद्धतच अफाट: मिनिटभरात पाचच्या पाच खेळाडू बदलायचे आणि दिसेल तिथून थ्री-पॉइंटर! (२०१२ मध्ये इथल्याच जॅक टेलरने एका मॅचमध्ये १३८ पॉइंट ठोकले होते.)

पुढच्या रांगेत एक आजी स्वेटर विणत बसलेल्या. सुया न थांबवता रेफ्रीला असं काही झापत होत्या की बायको म्हणाली, "अगदी आपल्या आत्याबाई!"