वलगणीला निघालेला गोरामी

शू रॅक सरकवला तेव्हा सापडला. चार दिवस आम्ही त्याला टँकमध्येच शोधत होतो, झाडांमागे, फिल्टरमागे, त्या प्लास्टिकच्या किल्ल्याच्या आत (तो किल्ला कोणी आणला यावर घरात अजून एकमत नाही), आणि आमचा निळा गोरामी मासा तिकडे चपलांच्या मागे पार सुकट होऊन पडलेला. टँकपासून चांगला सहा फुटांवर. म्हणजे खाली पडल्यावर पण गडी थांबला नव्हता, टाइल्सवरून फडफडत पुढे पुढेच गेला होता.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "घरावर काहीतरी येणार होतं, ते त्याने अंगावर घेतलं." हे मला फार आवडलं कारण यात माझी चूक शून्य. ॲक्वेरियमवाल्या दादाने मात्र फोनवर उलटतपासणीच घेतली, पाणी कधी बदललं, अँटीक्लोर (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचं औषध) टाकलं का, दुसरा कोणी मासा मागे लागतो का त्याच्या, वर झाकण आहे का. झाकणावर मी गप्प. "मग काय ताई," म्हणाला, बस एवढंच.

मी आधी ऑक्सिजनवर संशय घेतला होता. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम आणि ३० डिग्रीला साडेसात, आणि आमचा हॉल मे-जूनमध्ये म्हणजे भट्टीच. पण गोरामीचा खटला इथे टिकत नाही. त्याच्या कल्ल्यांच्या वर एक जास्तीचा अवयव असतो, त्यामुळे तो वर येऊन सरळ आपल्यासारखी हवाच घेतो, दिवसभर गुळूप गुळूप चालू असतं त्याचं. गुदमरून उडी मारणाऱ्यांतला तो नव्हे.

मग बाबांना फोन केला. बाबा माणगावकडचे, त्यांनी एकच विचारलं, "पाऊस कधी लागला तुमच्याकडे?" मी हिशोब केला तर गोरामी गायब झाला त्याच रात्री. "वलगण गं ती, निघाला असेल चढणीला."

वलगण ज्यांनी पाहिलीये त्यांना सांगायला नको. पहिले एक-दोन दणकून पाऊस झाले की नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यातून, पऱ्ह्यातून उलट्या धारेने वर चढतात, बांधावरून उड्या मारत थेट भातशेतीत, आणि गावातली निम्मी माणसं बॅटरी घेऊन रात्रभर भिजत शेतात. बाबा सांगतात की मरळ तर ओल्या गवतातून सरपटत एका खाचरातून दुसऱ्यात जायची, मला लहानपणी ही थाप वाटायची, पण मरळ खरंच हवा घेऊ शकते आणि ओल्या जमिनीवरून थोडं अंतर सरकते. आणि अंड्यांनी भरलेल्या माशांना असं धरलं तर पुढच्या वर्षी काय राहणार हा प्रश्न बाबांना विचारला की ते फोन आईकडे देतात.

तर मी नंतर शोधलं की हा निळा गोरामी मुळात कुठला, आणि निघाला आग्नेय आशियातला, तिकडच्या मेकाँग नदीच्या खोऱ्यातही राहणारा. तिकडे नदीला पूर आला की तो मुख्य प्रवाह सोडून बुडालेल्या शेतांत, रानात शिरतो आणि पाणी ओसरायला लागलं की परत येतो. म्हणजे बाबांनी न बघता ओळखला! वर मी त्याच संध्याकाळी दोन बादल्या गार, ताजं पाणी टँकमध्ये ओतलेलं. ब्रीडिंग करणारे लोक हे मुद्दाम करतात, माशाला पाऊस आला असं वाटावं म्हणून. मी नकळत केलं आणि झाकण लावलं नाही.

यावरून ती गप्पीची गोष्ट आठवली, गप्पी म्हणजे आपल्याकडे डासांच्या अळ्या खायला विहिरीत सोडतात तीच. अमेरिकेत मेरीलँड युनिव्हर्सिटीत डॅफ्नी सोआरेस नावाच्या बाई संशोधन करत होत्या, त्यांच्या टँकमधल्या एका गप्पीने उडी मारली ती थेट त्यांच्या चहाच्या कपात, नशीब चहा गार होता, वाचली. मग त्यांनी हायस्पीड कॅमेरा लावून बघितलं, २०१३ मध्ये ते छापूनही आलं. गप्पी घाबरलेली नाही, कोणी मागे लागलेलं नाही, खायलाही काही नाही, तरी मारते. आणि मारायच्या आधी छातीचे पर हलवत हळूहळू मागे सरकते, आपण शाळेत लांब उडीला चार पावलं मागे जायचो तशी. ओढ्यात नवनवीन डबकी गाठायची सवय ती, असं त्यांचं म्हणणं. डबक्यापलीकडे डबकं असणारच. व्हिट्रिफाइड टाइल्स, मग चपला, हे त्या हिशोबात कुठून येणार.

दुसरा गोरामी अजून आहे. टँकवर आता मच्छरजाळी कापून, कपड्यांचे चिमटे लावून ताणून बसवलीये, दिसायला भयंकर दिसते. परवा रात्री जोराचा पाऊस लागला, लाइट गेले आणि अडीचच्या सुमारास हॉलमधून थप्प असा आवाज आला. उठून मोबाइलचा टॉर्च मारला तर जाळीला मधोमध ओला डाग, आणि खाली तो, काचेकडे पाठ करून, हळूहळू मागे सरकत होता.