सिलॅबसमधून ८०८५ काढायला मला दीड वर्ष लागलं

डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, मुंबईतच. एमएसबीटीईच्या, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या, कॉलेजांना सिलॅबस वरून तयार येतो, आधी आय स्कीम होती, २०२३-२४ पासून के स्कीम आली. आमचं कॉलेज ऑटोनॉमस, म्हणजे सिलॅबस आम्हीच लिहायचा आणि शिव्याही आम्हीच खायच्या. तर आमच्याकडे ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर अजून चालूच होता, इंटेलने १९७६ मध्ये काढलेला, माझ्यापेक्षा वयाने मोठा, आणि पोरं ट्रेनर किटवर एकेक बटण दाबून हेक्स कोड भरत बसायची, मध्येच लाइट गेली की झालं, परत सगळं पहिल्यापासून.

एचओडी सर म्हणाले, मॅडम, ८०८५ काढून आयओटी-बियोटी (इंटरनेटला जोडलेली उपकरणं) काय टाकायचं ते तुम्हीच बघा. मला वाटलं दोन महिन्यांचं काम आहे.

आधी कंपन्यांना विचारून या असं ठरलं, म्हणून एका शनिवारी ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडून रबाळेला गेले, एमआयडीसीत एका कंट्रोल पॅनल बनवणाऱ्याकडे. तिथले सुपरवायझर म्हणाले, "एआय शिकवा हो, पण सेन्सरचा सिग्नल ४ ते २० मिलीअँपिअर का, शून्यापासून का नाही, असं विचारलं की तुमचा पोरगा छताकडे बघतो." उत्तर साधं आहे. समजा टाकीतली पातळी मोजणारा सेन्सर आहे, तर ४ आला म्हणजे टाकी रिकामी, शून्य आला म्हणजे वायर तुटली. शून्यापासून सुरू केलं तर या दोघांतला फरकच कळणार नाही, शिवाय दोन वायरवाला सेन्सर स्वतः त्या ४ वरच जगतो. परत येताना ट्रेनमध्ये जुना सिलॅबस उघडला तर हे होतं त्यात! चौथ्या युनिटमध्ये, एका ओळीत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आम्ही ते लिहून द्यायचो, हाताने कोणी जोडलंच नव्हतं.

खरी मारामारी पुढे. तास तेवढेच, त्यामुळे नवीन टाकायला सगळे तयार, जुनं काढायला कोणीच नाही. सीनियर सर म्हणाले, "हाताने कोड भरल्याशिवाय मशीन आतून काय करतं ते पोराला कळत नाही." आणि ते चूक नव्हते हो, हीच पंचाईत. शेवटी कँटीनमध्ये दोन कटिंगवर तोडगा निघाला, ८०८५ जाईल, पण ८०५१ या मायक्रोकंट्रोलरचं असेंब्ली (मशीनच्या अगदी जवळच्या भाषेतलं प्रोग्रामिंग) तीन आठवडे राहील आणि ते सरच शिकवतील (तोही १९८० चाच, पण असो), त्यानंतर ईएसपी३२ (वाय-फायवाला मायक्रोकंट्रोलर), पीएलसी (कारखान्यातली मशीनं चालवणारा कंट्रोलर) आणि मॉडबस (अशी उपकरणं एकमेकांशी बोलतात ती पद्धत).

मग बोर्ड ऑफ स्टडीज, म्हणजे सिलॅबस मंजूर करणारी समिती. पहिल्या मीटिंगला इंडस्ट्रीवाले मेंबरच आले नाहीत, दुसऱ्या मीटिंगला आमचा कोर्स आउटकमचा (कोर्स संपल्यावर पोराला काय यायला हवं त्याचा) तक्ताच परत आला, का तर "समजेल" हे क्रियापद चालत नाही, मोजता येईल असं लिहा. मी जाम वैतागले होते, पण "४-२० लूप समजेल" खोडून "४-२० लूप जोडून त्यातला बिघाड शोधेल" लिहिलं आणि लक्षात आलं की आता हे फळ्यावर शिकवून भागणारच नाही, लॅब लागणारच. पुढे अकॅडमिक कौन्सिलमध्ये पैशांचा प्रश्न निघाला तेव्हा हेच वाक्य कामी आलं. पीएलसी मंजूर झाले, फक्त चार, आणि आले कधी तर सेमिस्टर अर्धं झाल्यावर. तोपर्यंत सिम्युलेटरवर ढकललं, त्यात वायर तुटत नाही ही वेगळीच अडचण.

पहिल्या बॅचच्या प्रॅक्टिकलला मी एक वायर मुद्दाम कनेक्टरच्या आतून काढून ठेवली, बाहेरून बघितलं तर सगळं ठीक. वीसपैकी अकरा जणांनी शोधली. बाकीच्यांनी टाकी रिकामी आहे असं लिहून दिलं, एकाने तर पंप पण चालू केला.

८०८५ ची किटं अजून कपाटातच आहेत, राइट-ऑफची फाइल फिरतेय.