एकच गोळी, दोन नावं
"ताई, ही नवी बीपीची गोळी आणि आजींची जुनी एकच आहे, फक्त कंपनी वेगळी. दोन्ही देऊ नका, वर विचारून या." खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आत्याला हॉस्पिटलमधून घरी नेताना खालच्या मेडिकलवाल्या पोराच्या लक्षात आलं म्हणून बरं!

वर गेले तर हाडांचे डॉक्टर म्हणे फिजिशियनना विचारा, आणि फिजिशियन ओपीडीत. आत्या व्हीलचेअरवरून म्हणते, "अगं, भांडण झालंय का यांचं?"

२०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, छानच आहे, पण खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला घरी वॉकर धरून कोण चालवणार, टाके कोण बघणार, याचं उत्तर फाईलमध्ये "फॉलोअप १० दिवसांनी" एवढंच. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

तुमच्याकडे विचारलं होतं कुणी?