तिसऱ्या तुतारीच्या आधी

२०१३ साली ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीबरोबर मी आळंदीहून पहिल्यांदा पायी निघालो, तेव्हा आपली तयारी भक्कम आहे असे मला मनापासून वाटत होते. आधीचे तीन महिने दर रविवारी मी २० किलोमीटर चाललो होतो, चांगले बूट घेतले होते आणि पंढरपूरपर्यंतचे सुमारे २५० किलोमीटर अंतर मुक्कामागणिक कागदावर मांडून ठेवले होते. पुण्याचे दोन मुक्काम आटोपून पालखी सासवडला निघाली, तो वारीतला सर्वांत लांब पल्ल्याचा दिवस; त्यात एकादशीचा उपवास आणि दिवे घाटाची चढण. सासवडला राहुटीत बूट काढले तेव्हा दोन्ही टाचांवर मोठे फोड आलेले होते आणि पाऊल टेकवत नव्हते.

आमच्या दिंडीचे विणेकरी सत्तरी ओलांडलेले शेतकरी होते. त्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी माझा पाय आपल्या मांडीवर घेतला, मी संकोचून मागे ओढला तर तो पुन्हा घट्ट धरला, सुई दिव्यावर तापवली आणि पांढरा दोरा फोडाच्या एका कडेने आत घालून दुसऱ्या कडेने बाहेर काढला. दोऱ्याची दोन्ही टोके त्यांनी तशीच लोंबती ठेवली, म्हणजे पाणी दोऱ्यावाटे हळूहळू निथळते आणि वरची कातडी फाटत नाही. हे करता करता त्यांनी मला विचारले, "घरी रोज किती चालता, माऊली?" मी रविवारचा हिशेब सांगितला. त्यावर ते एवढेच म्हणाले, "पायाला रविवार कळत नाही. त्याला रोजचं लागतं."

दुसऱ्या दिवशी मुक्काम सासवडलाच होता, त्यामुळे मला निवांत बसून पाहायला मिळाले, आणि मी काकांनाच पाहत राहिलो. वारीत निघण्याची सूचना तुतारीने मिळते: पहिल्या तुतारीला सामान आवरायचे, दुसरीला आपापल्या जागी उभे राहायचे आणि तिसरीला पाऊल उचलायचे. काका पहिल्या तुतारीच्या बऱ्याच आधी उठलेले असत. मुक्काम असो वा वाटचाल, अंधारात, बॅटरी न लावता, ते पथारीची घडी घालत. त्यावर कोरडे धोतर, धोतरात टाळ, टाळांवर पंचा आणि सर्वांत वर तांब्या. हा क्रम मी नंतर इतक्या पहाटे पाहिला आहे की तो मलाही डोळे मिटून सांगता येतो. राहुटीतले बाकीचे आम्ही चप्पल नाहीतर चष्मा चाचपडत असायचो, तेव्हा ते वीणा गळ्यात घालून उभे असत. त्यांच्या अंगात माझ्यापेक्षा जास्त बळ होते असे नाही. उठल्यावर काय करायचे याचा विचार करण्यात त्यांचा एक क्षणही जात नव्हता, एवढाच फरक होता.

पुढे मला दिसत गेले की सगळी वारीच अशी बांधलेली आहे. पहाटेचा काकडा, वाटचालीतल्या अभंगांचा ठरलेला क्रम, वारांचे अभंग, दुपारचा विसावा, हरिपाठ, मुक्कामावरची समाजआरती हे सगळे आधीच ठरलेले असते. रथापुढे आणि रथामागे कोणत्या क्रमांकाची दिंडी कुठे चालणार, तेही ठरलेले असते. सातव्या-आठव्या दिवशी शरीर थकते आणि मन कुरकुरू लागते, तेव्हा माणसाला पुढे नेतो तो त्याचा उत्साह नव्हे, तर आता हरिपाठाची वेळ झाली ही साधी गोष्ट.

त्या वर्षी पंढरपूरहून परतताना मी मोठा संकल्प केला. पहाटे चारला उठणे, पाच किलोमीटर चालणे, ज्ञानेश्वरीच्या शंभर ओव्या आणि संध्याकाळी हरिपाठ असा तो संकल्प होता आणि दिवाळीच्या आत तो मोडला. पुढच्या आषाढात मी तो काकांना सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. "एकच धरा, पण सोडू नका," म्हणाले. मी हरिपाठ धरला. २७ अभंग, दिवेलागणीला, ज्या गावी असेन तिथे. पहिली दोन वर्षे त्यातून काही घडते आहे असे मला वाटले नाही; घडले नाही म्हणून सोडावे असेही अनेकदा वाटले. पण त्या अर्ध्या तासासाठी मी कामावरून वेळेत निघू लागलो, लवकर जेवू लागलो, लवकर झोपू लागलो, आणि पहाटेचे उठणे, चालणे, जे मी आधी हट्टाने मागितले होते, ते न मागता आले.

२०२० आणि २०२१ साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरीला गेल्या. त्या दिवसांत मी काकांना फोन केला, तर ते त्यांच्या शेताच्या बांधावर चालत होते. वाटचालीच्या ठरल्या वेळी, गळ्यात वीणा घालून. "आज सासवड," ते म्हणाले, आणि श्वास लागलेला असतानाही त्यांनी पुढचा अभंग सोडला नाही.

एक सवय मात्र मी घरी आणण्याचे कधी ठरवले नव्हते. वारीत भेटणारा प्रत्येक जण माऊली असतो आणि वारकरी एकमेकांच्या पाया पडतात; त्यात वय पाहत नाहीत, जात पाहत नाहीत, आजोबा नातवाच्या वयाच्या मुलापुढे वाकतात. सुरुवातीला मला ते जड गेले. काही वर्षांनी कंबर आपोआप वाकू लागली. माझा धाकटा भाऊ आणि मी शेताच्या वाटणीवरून सहा वर्षे बोलत नव्हतो. २०१९ च्या वारीहून परतलो त्या संध्याकाळी तो वेशीवरच्या मारुतीपाशी समोर आला आणि माझ्या मनाने काही ठरवण्याआधीच मी त्याच्या पायांना हात लावला. तो दचकून मागे सरकला. "दादा, काय करतोस हे, मी लहान आहे," म्हणाला, आणि मला उठवताना त्याने धरलेला माझा दंड घर येईपर्यंत सोडला नाही. वाटणीचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. पुढे दीड वर्ष लागले. पण दर गुरुवारचा हरिपाठ तेव्हापासून त्याच्या ओसरीवर होतो, आणि टाळ तो धरतो.